आधी किनारा, मग हॉटेल

भाऊबीज झाली की मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरहून कितीतरी कुटुंबं अंदमानला निघतात. सावरकरांची कोठडी पाहायची असते, मुलांना काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दाखवायचं असतं आणि दोन-तीन दिवस कुठल्याशा बेटावर निवांत पडून राहायचं असतं. विमानाची तिकिटं चार-चार महिने आधी निघतात, बोटींच्या वेळा तोंडपाठ होतात. हॉटेलची चौकशी मात्र दोनच प्रश्नांत संपते: एसी आहे का आणि समुद्र दिसतो का? यातला दुसरा प्रश्न अपुरा आहे असं मला मनापासून वाटतं. दिसणारा समुद्र पूर्वेचा की पश्चिमेचा, तो तळ सोडून किती मागे जातो, त्यात उतरता येतं की नाही, हे कळल्याशिवाय बेटावरची खोली ठरवू नये. बेटावर आधी किनारा निवडावा, हॉटेल त्यानंतर.

अंदमानच्या सहलीत मुक्कामाची बेटं मुख्यतः दोन. स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, शहीद द्वीप म्हणजे पूर्वीचं नील. दोन्ही जुनी नावं १८५७चा उठाव चिरडणाऱ्या इंग्रज सेनानींची होती. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला ७५ वर्षं झाली त्या दिवशी, म्हणजे ३० डिसेंबर २०१८ला, ती बदलली. पोर्ट ब्लेअरचंही २०२४मध्ये श्री विजयपुरम झालं. बोटवाले, रिक्षावाले आणि बुकिंगची संकेतस्थळं अजून दोन्ही नावं वापरतात, तेव्हा शोधताना दोन्ही टाकून पाहावीत.

ही बेटं फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसवली. स्वराज द्वीपावरची गावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर; शहीद द्वीपावरची सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. घरदार सोडून आलेल्या वैष्णव माणसांनी एका बेटावर वृंदावन मांडलं, दुसऱ्यावर अयोध्या. आज ज्या पोराच्या गाडीतून आपण हॉटेलवर जातो, त्याच्या आजोबांनी इथलं जंगल तोडून भातशेती उभी केलेली असते. खाणावळीत मिळणारा मोहरीतला मासा पूर्व बंगालातूनच आला.

स्वराज द्वीपाचा धक्का बेटाच्या उत्तर टोकाला आहे. तिथून पूर्व किनाऱ्याने एक रस्ता गोविंदनगरच्या बाजारावरून, विजयनगरवरून थेट काळापत्थरपर्यंत जातो. दुसरा रस्ता बाजारातून आत वळतो आणि डोंगर-जंगल पार करून पश्चिमेला राधानगरला उतरतो. किनाऱ्यांना आकड्यांनीही ओळखतात: विजयनगर म्हणजे पाच नंबर, राधानगर सात नंबर. हॉटेलच्या पत्त्यात हा आकडा असला तर अर्धं काम झालं.

बहुसंख्य हॉटेलं पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर ते विजयनगर या पट्ट्यात आहेत. नारळी-सुपारीच्या बागेत कॉटेजं, पुढे समुद्रमहुव्याची झुकलेली झाडं, पलीकडे पाचूसारखं पाणी. छायाचित्रात असंच दिसतं आणि ते छायाचित्र खोटं नसतं. ते फक्त भरतीचं असतं. या किनाऱ्याला उतार फार कमी आहे. ओहोटी लागली की पाणी शेकडो पावलं मागे सरतं आणि उघडा पडतो तो मेलेल्या प्रवाळाचा, दगडांचा, डबक्यांचा तळ. अनवाणी चालाल तर पाय कापेल. तिथे एका सकाळी आमच्या शेजारच्या कॉटेजातल्या डोंबिवलीच्या आजी ओसरीवर येऊन मुलाला विचारत होत्या, "अरे, काल रात्री समोर समुद्र होता ना? मग गेला कुठे?" मुलगा मॅनेजरशी भांडायला निघाला होता. आजी मूळच्या वेंगुर्ल्याच्या. थोड्या वेळाने त्यांनीच त्याला थांबवलं, "सुकती आहे रे, दुपारी येईल परत."

कोकणातल्या कुठल्याही माणसाला जे ठाऊक असतं ते सहलीला निघताना आपण विसरतो. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि हटतंही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढ-उतार दोन्ही बेताचे. अंदमानात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन मीटरचा, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. तरीही सपाट किनाऱ्यावर तेवढ्याने पाणी दूर जातं. म्हणून हॉटेलवाल्याला फोन करा तेव्हा मुक्कामाची तारीख सांगून विचारा की त्या दिवसांत भरती किती वाजता आहे आणि ओहोटीला पोहता येतं का. चांगला हॉटेलवाला क्षणात उत्तर देतो, कारण त्याच्या स्नॉर्केलिंगच्या बोटीही त्याच वेळापत्रकावर सुटतात. ओहोटीतला फोटो पाठवा म्हणायलाही संकोच करू नका.

दिवाळीपुरतं पंचांग घरातच आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येला, भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला. भाऊबीज आटोपून निघालेली मंडळी बेटावर पोचतात तेव्हा साधारण पंचमी ते नवमी चालू असते, म्हणजे भांगाचे दिवस. पूर्व किनाऱ्यावरच्या मुक्कामाला हे दिवस बरे. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास गेलात तर पाणी फार हटेल, हे धरून चाला. खाडीतल्या कांदळवनात रात्री कयाक वल्हवत चमकणारं पाणी पाहायचं असेल तर अंधारी रात्र हवी. पौर्णिमेला ते जमणार नाही.

राधानगरची गोष्ट वेगळी. पांढऱ्या वाळूचा लांबरुंद किनारा, मागे उंच जंगल, पायाखाली प्रवाळाचे तुकडे नाहीत, आणि ओहोटीलाही पोहण्याइतकं पाणी राहतं. २००४मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२०मध्ये त्याला ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. इथे हॉटेलं मोजकीच आहेत आणि मोठी आहेत. ताजचं हॉटेल २०१८मध्ये इथेच सुरू झालं. भाडं पूर्व किनाऱ्याच्या कितीतरी पट. ज्याला परवडतं आणि ज्याला रोज पोहायचं आहे, त्याने डोळे मिटून राधानगर घ्यावं. पण बाजार दहा-बारा किलोमीटर दूर आहे. जेवण हॉटेलातच, चहासुद्धा हॉटेलातच, आणि त्याचं बिल भाड्याला शोभेल असंच येतं. रिक्षाला संध्याकाळनंतर दुप्पट पैसे मोजायची तयारी हवी.

मध्यमवर्गी कुटुंबाला मी विजयनगर सुचवते. खोली पूर्वेला, सूर्योदय ओसरीतून, आणि दुपारी राधानगरला जाऊन सूर्यास्त पाहून परत. त्यासाठी एक हिशेब ध्यानात ठेवायला हवा. अंदमान मुंबईच्या सुमारे २० अंश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा तासावर २० मिनिटं आधी उगवतो आणि मावळतो. नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला सूर्यास्त, साडेपाचला अंधार. राधानगरला 'संध्याकाळी पाच'ला पोचू म्हणणारी गाडी सूर्यास्त चुकवते. तीनला निघा. मग अंधार पडल्यावर झोपेपर्यंत चार-पाच तास उरतात आणि ते हॉटेलच्या आवारातच जातात. म्हणून खोलीपेक्षा आवार नीट बघा: बसायला ओसरी आहे का, बागेत दिवे आहेत का, मुलांना खेळायला जागा आहे का, बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे का. इथे गोविंदनगर-विजयनगरचा पट्टा राधानगरला मागे टाकतो.

शहीद द्वीप लहान आहे आणि अंदमानला भाजीपाला पुरवणारं शेतकऱ्यांचं बेट आहे. सीतापूर पूर्वेला, लक्ष्मणपूर पश्चिमेला, धक्क्याजवळ भरतपूर. बेट इतकं छोटं की हॉटेल कुठेही घेतलं तरी काही बिघडत नाही. लक्ष्मणपूरचा दगडी नैसर्गिक पूल मात्र ओहोटीलाच पाहता येतो आणि वाट शेवाळलेल्या खडकांवरून आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी तिथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रबरी तळाचे बूट सगळ्यांनाच हवेत.

आता खोलीकडे वळू. माहितीपत्रकात 'सी व्ह्यू', 'सी फेसिंग', 'बीच फ्रंट', 'गार्डन व्ह्यू' असे शब्द असतात. त्यांचा अर्थ हॉटेलागणिक बदलतो. सी व्ह्यू म्हणजे कधी गॅलरीच्या कोपऱ्यातून माडांमधून दिसणारी निळी रेघ असते. खोली आणि पाणी यांच्यामध्ये काय आहे, एवढंच विचारा. जेवणाच्या योजनेची अक्षरं नीट समजून घ्या: ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं. विजयनगरला सीपी पुरे, कारण बाहेर बंगाली थाळी स्वस्त आणि ताजी मिळते. शहीद द्वीपावर खाणावळी लवकर मिटतात, तिथे एमएपी घ्यावा. घरात कुणी जैन किंवा उपासाचं खाणारं असेल तर हॉटेलला आधी कळवा. बटाटा, दूध, फळंसुद्धा बरीचशी बोटीने येतात आणि बोट चुकली की स्वयंपाकघर अडतं.

बेटांवरची वीज अजून मुख्यतः डिझेलवर होते आणि ती जाते. जनरेटर आहे का, एवढ्यावर थांबू नका. जनरेटरवर एसी चालतो का, ते विचारा. बहुतेक ठिकाणी त्यावर दिवा आणि पंखाच चालतो. बांबूच्या खोपीत वारा खेळतो, सिमेंटच्या बंद खोलीत वीज गेल्यावर जीव घुसमटतो, म्हणून लहान बाळ असलेल्यांनी दोन बाजूंना खिडक्या असलेली खोली मागावी. आंघोळीचं पाणी काही ठिकाणी मचूळ असतं. चेन्नईहून समुद्रतळातून आलेली केबल २०२०मध्ये सुरू झाल्यापासून फोन बराच सुधारला, तरी थोडी रोख रक्कम जवळ असावी. वयस्कर माणसांसाठी तळमजल्याची, फाटकाजवळची खोली घ्या. काही कॉटेजं खांबांवर असतात आणि शिडीवजा पायऱ्या रात्री धोक्याच्या ठरतात. संध्याकाळी काही किनाऱ्यांवर वाळूतल्या बारीक माश्या चावतात. तिथली माणसं पायाला खोबरेल चोपडतात, तुम्हीही चोपडा.

आणि किनाऱ्यावरच्या पाट्या वाचा. खाऱ्या पाण्यातली मगर हे अंदमानातलं वास्तव आहे. २०१०मध्ये राधानगरजवळच्या एका कोंडीत मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी तरुणीचा जीव गेला. जीवरक्षक शिट्टी वाजवून बाहेर बोलावतात तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नये. हॉटेलच्या मालकाने 'इथे उतरू नका' म्हटलं तर तो आपल्या भल्याचंच बोलतो आहे. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलू नका. कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होण्याचे दिवस. श्री विजयपुरमहून स्वराज द्वीप चाळीसेक किलोमीटर. खासगी कॅटमरान दीड-दोन तासांत पोचते, सरकारी बोट अडीच तास घेते. समुद्र खवळला की दोन्ही बंद. डिसेंबर २०१६मध्ये हजाराहून अधिक पर्यटक या दोन बेटांवर अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. म्हणून बुकिंग करताना लेखी विचारा: बोट रद्द झाली तर न राहिलेल्या रात्रीचे पैसे परत मिळतील का, आणि अडकलो तर जास्तीची रात्र कोणत्या भावाने मिळेल? या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं देणारं साधं हॉटेल मी चकचकीत हॉटेलापेक्षा वर धरते.

मुक्कामाचा क्रम यावरूनच ठरतो. पहिली रात्र श्री विजयपुरमला, मग लगेच बेटं. स्कूबा करायचं असेल तर ते बेटावरच्या सुरुवातीच्या दिवसांत उरका, कारण पाण्याखाली जाऊन आल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यावे लागतात. बेटावरून सकाळची बोट आणि दुपारचं विमान असा मेळ कुणी घालून देत असेल तर त्याला ठाम नकार द्या. परतीच्या आधीची रात्र श्री विजयपुरमला, सेल्युलर जेलपासून जवळच्या एखाद्या हॉटेलात ठेवा. सावरकरांना १९११मध्ये तिथे आणलं आणि १९२१मध्ये हलवलं. ती कोठडी घाईगर्दीत, घड्याळाकडे बघत पाहू नका. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधीच काढून ठेवा, सुट्यांच्या दिवसांत ती लवकर संपतात.