परत केलेले फोन

वाशीमच्या आमच्या गल्लीतली अंगणवाडीताई परवा फोन घेऊन आली. ‘काका, माहिती जातच नाही हो!’ आधी शिल्लक पाहायची ही माझी बँकेतली जुनी खोड. फोनमधली जागाच संपली होती! जुने फोटो काढले, ॲप सुरू झालं.

सरकारनं २०१९ मध्ये सेविकांना दिलेल्या फोनांची रॅम अवघी २ जीबी. २०२१ साली ‘पोषण ट्रॅकर’ आलं, ते त्यांना पेलेना; शिवाय इंग्रजीत. त्या ऑगस्टमध्ये राज्यभर अनेकींनी फोन परत केले. ते बरंच झालं म्हणायचं. खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्यानं कंपनीचं नाव मागाहून पाहावं. आधी रॅम, बॅटरी, दोन सिमांची सोय.

ताई चहाला थांबली नाही. सहा बाळांची वजनं भरायची राहिली होती.