पूरज्वरात सेफ्ट्रियाक्सोन

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने सांगली जलमय केली. कराडकाठही सुटला नाही. अशा पाण्यात वावरलेल्या रुग्णास ताप, पोटऱ्यांत वेदना व डोळ्यांत लाली असल्यास लेप्टोस्पायरोसिसचा संशय घ्यावा. केवळ लंघन-पाचनावर थांबणे धोक्याचे. कावीळ वा मूत्राल्पता दिसताच रुग्णालयात पाठवावे.

तीव्र अवस्थेत सेफ्ट्रियाक्सोन रोज १ ग्रॅम, शिरेवाटे, ७ दिवस देतात. ते जंतूची पेशीभित्तिका बनू देत नाही. अर्धायुकाल सुमारे ८ तास असल्याने दिवसातून एकच मात्रा पुरते. रिंगर लॅक्टेटमध्ये ते कदापि मिसळू नये, कारण कॅल्शियमशी साका बनतो. लिग्नोकेनमध्ये विरघळविलेले औषध फक्त स्नायूत टोचावे.

प्रत्येक तापाला हीच सुई, ही सवय मात्र सोडावी. स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिनच हवे. औषधविक्रेत्यांनी शेड्यूल एच-१ ची नोंद तीन वर्षे जपावी.