डोळा कुठे लपला आहे?

समजा, मेहकरहून जानेफळकडे येणाऱ्या रस्त्यावर दोन सायकली एकमेकींवर आदळल्या. ते पाहणाऱ्या माणसाला उर्दू वर्तमानपत्र 'चश्मदीद गवाह' म्हणेल. मराठी वर्तमानपत्र त्यालाच 'प्रत्यक्षदर्शी साक्षीदार' म्हणेल.

'चश्मदीद'ची फोड तुम्हांला सोपी आहे. चश्म म्हणजे डोळा आणि दीद म्हणजे पाहणे. आपला 'चष्मा' याच चश्मपासून आला. पण 'प्रत्यक्ष' या शब्दात डोळा कुठे आहे? तो शेवटच्या 'अक्ष'मध्ये आहे. संस्कृतात डोळ्याला 'अक्षि' म्हणतात. तुमची 'आँख' ही त्याचेच बदललेले रूप. जे डोळ्यांपुढे आहे ते प्रत्यक्ष. 'समक्ष' आणि 'साक्षी' या शब्दांतही हाच डोळा आहे. 'साक्षीदार'ची तर गंमतच आहे. त्यातला 'साक्षी' संस्कृत आणि 'दार' फारसी, दुकानदारातला!

आता 'परोक्ष' पाहा. पर म्हणजे पलीकडे. जे डोळ्यांच्या पलीकडे, म्हणजे आपल्यामागे घडले, ते परोक्ष. त्याला 'अ' लावला की अर्थ उलटतो. म्हणून 'अपरोक्ष' म्हणजे डोळ्यांपुढचे. तरीही पुष्कळ लोक 'माझ्या अपरोक्ष हे घडले' असे म्हणतात आणि त्यांना 'माझ्या पाठीमागे' असे सांगायचे असते. बोलण्यात हे चालून जाते. पण साक्षीदाराच्या जबानीत हा शब्द आला तर? त्याने अपघात पाहिला की नाही, हेच कळणार नाही. अशा वेळी सरळ 'माझ्यासमोर' किंवा 'माझ्या पाठीमागे' असे लिहावे.

शब्द असा चकवतो तो मराठीतच नव्हे. इंग्रजीत 'वॉल-आइड' असे एक विशेषण आहे. ज्याचे बुबुळ फार फिके आहे किंवा ज्याचा डोळा बाहेरच्या बाजूला वळलेला आहे, अशा माणसाला किंवा घोड्याला ते लावतात. वॉल म्हणजे भिंत, हे तुम्ही शिकला आहात. पण या शब्दात भिंत नाहीच! नॉर्वे आणि आइसलँडकडच्या जुन्या नॉर्स भाषेत 'वाग्ल' असा शब्द होता. डोळ्यात फूल पडते म्हणतात ना, तशा दोषाशी त्याचा संबंध होता. इंग्रजांना तो शब्द अनोळखी झाला आणि त्यांनी त्याच्या जागी ओळखीची भिंत बसवली. 'आइड'मधला 'आय' मात्र खरा डोळाच आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांच्या मते तो आपल्या 'अक्षि'चा दूरचा भाऊ लागतो.