पडद्यावरचा फुटबॉल क्लब : निवड आणि उभारणी

मुलगा पडद्यासमोर बसून फुटबॉल खेळत आहे, अशा समजुतीनें घरांतील वडील माणसें त्याच्या मागें जाऊन उभीं राहतात, आणि पाहतात तों तेथें ना चेंडू, ना मैदान. दिसतात ते आंकड्यांचे स्तंभ : कोणाचें वय किती, कोणाचा आठवड्याचा पगार किती, कोणाचा करार केव्हां संपतो. मुलगा त्यांत इतका गढलेला असतो कीं, जेवणाची तिसरी हांकही त्याच्या कानीं पडत नाहीं. फुटबॉल म्हणून मांडलेल्या खेळांत पेढीवरील मुनीमासारखा हा करतो तरी काय, असा प्रश्न श्रोत्यांपैकीं पुष्कळांना पडला असेल. त्याचें उत्तर असें कीं, तो एक क्लब चालवीत आहे. आणि तो क्लब त्यानें कसा निवडला व कसा उभारला, यावर त्याचे हे तास सार्थकीं लागले कीं वायां गेले हें पुष्कळसें अवलंबून आहे.

या खेळाची कुळकथा फार लांब नाहीं. १९८२ सालीं केव्हिन टॉम्स या इंग्रज गृहस्थानें 'फुटबॉल मॅनेजर' नांवाचा खेळ घरगुती संगणकासाठीं तयार केला. दहा वर्षांनीं, १९९२ मध्यें, पॉल व ऑलिव्हर कॉलियर या बंधूंचा 'चँपियनशिप मॅनेजर' आला. या खेळांत चेंडूला पाय लावण्याचा प्रश्नच नव्हता. माणसें निवडावीं, संघ लावावा आणि निकालाची वाट पाहावी. दुसरीकडे ई. ए. स्पोर्ट्स या अमेरिकन कंपनीनें १९९३ पासून 'फिफा' ही मालिका चालविली. तींत खेळणारा स्वतःच्या बोटांनीं खेळाडूंना पळवूं लागला. हे दोन प्रवाह पुढें ज्या ठिकाणीं मिळाले त्याचें नांव 'करिअर मोड'. येथें सामनाही खेळावयाचा आणि क्लबाचा संसारही करावयाचा. २०२३ पासून ही मालिका 'ई. ए. स्पोर्ट्स एफ. सी.' या नांवानें निघूं लागली. नांव बदललें, संसार तोच राहिला.

संसाराची मांडणी अशी. खेळणारा क्लबाचा मॅनेजर होतो. त्याच्यावर संचालक मंडळ असतें, आणि तें हंगामाच्या आरंभींच आपल्या अपेक्षा सांगून मोकळें होतें : लीगमध्यें अमुक क्रमांक मिळवा, अकॅडमीतून इतकीं मुलें पुढें आणा, खर्च आटोक्यांत ठेवा. खेळाडू विकत घेण्यासाठीं एक रक्कम मिळते व पगारासाठीं दुसरी; या दोन थैल्यांतील पैसा कांहीं प्रमाणांत इकडचा तिकडे करतां येतो. खरेदी-विक्री उन्हाळ्यांत आणि पुन्हां जानेवारींत, एवढीच. प्रत्येक खेळाडूच्या अंगच्या गुणांना ९९ पैकीं गुण दिलेले असतात. अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहींत तर मॅनेजराची नोकरी जाते, आणि तिचा निरोप खऱ्या नोकरीइतकाच कोरडा असतो.

आतां निवडीकडे वळूं. नवखा खेळाडू बहुधा रिआल माद्रिद किंवा मँचेस्टर सिटी असा एखादा धनाढ्य क्लब उचलतो. यांत त्याचा दोष नाहीं. मोठ्या घराचें आकर्षण कोणास नसतें? पण त्या घरांत त्याला करण्यासारखें काय उरतें? प्रत्येक जागीं उत्तम माणूस आधींच बसलेला, तिजोरी भरलेली. पहिल्या उन्हाळ्यांत दोन नामांकित खेळाडू आणावे, दोन वर्षांत सारीं पदकें जिंकावीं, आणि तिसऱ्या वर्षीं कंटाळून सोडून द्यावें, असाच बहुधा शेवट होतो. २०२१ पासून स्वतःच्या नांवाचा, स्वतःच्या चिन्हाचा व रंगाचा नवा क्लब काढण्याचीही सोय झाली. ती मुलांना फार आवडते. परंतु जो क्लब कालपर्यंत नव्हता त्याला ना जुनें वैर, ना जुनी उणीव. सदऱ्याचे रंग ठरविण्यांत पहिली संध्याकाळ मोठ्या मजेंत जाते, एवढें खरें.

खरी गोडी खालच्या पायरीवर आहे, आणि तिच्यासाठीं इंग्लंडाइतका चांगला देश नाहीं. तेथें या खेळांत चार वर्ग एकाखालीं एक मिळतात. सर्वांत वरच्या प्रीमियर लीगमध्यें २० क्लब आणि प्रत्येकाचे ३८ सामने. खालच्या तीन वर्गांत प्रत्येकीं २४ क्लब आणि ४६ सामने. चौथ्या वर्गांतून दर वर्षीं चार क्लब वर चढतात, तिसऱ्यांतून तीन, दुसऱ्यांतून तीन. म्हणजे एकदांही नापास न होतां तळापासून माथ्यापर्यंत जावयाचें म्हटलें तरी तीन हंगाम लागतात. हें केवळ स्वप्नरंजन आहे असें कोणीं समजूं नये. ल्यूटन टाऊन हा क्लब २००९ मध्यें ३० गुणांच्या दंडामुळें पांचव्या वर्गांत फेंकला गेला होता. पांच वर्षें तो तेथें होता. २०१४ मध्यें चौथ्या, २०१८ मध्यें तिसऱ्या, २०१९ मध्यें दुसऱ्या वर्गांत चढून २०२३ च्या मे महिन्यांत कॉव्हेंट्रीला पेनल्टींवर हरवून तो प्रीमियर लीगमध्यें पोंचला. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना ज्या मैदानांत शिरण्यासाठीं चाळवजा घरांच्या रांगेतील बोळांतून जावें लागे, त्या मैदानावर देशांतील बलाढ्य संघ खेळावयास आले.

क्लब निवडण्यापूर्वीं त्याची झडती घ्यावी, तीही मुलीसाठीं स्थळ पाहावें तशी कसून. प्रथम वयें पाहावीं. ज्या संघांतील निम्मे लोक तिशीच्या पुढें गेले आहेत, तो यंदां बरा खेळेल, पण दोन वर्षांत एकदम खचेल. कारण या खेळांत तिशीनंतर माणसाचा वेग प्रथम जातो. मग करार पाहावे. चार चांगल्या खेळाडूंचे करार येत्या उन्हाळ्यांत संपत असतील, तर शेवटच्या सहा महिन्यांत दुसरे क्लब त्यांच्याशीं परस्पर बोलणीं करूं शकतात, आणि मग मॅनेजराच्या हातीं एक छदामही पडत नाहीं. त्यानंतर जागा मोजाव्या. बचावाच्या डाव्या बाजूस एकच माणूस, आणि पुढच्या फळींत पांच, अशी विषम भरती लहान क्लबांत पुष्कळदां आढळते. अशी उणीव दिसली कीं मोडता घालूं नये. उलट तीच निवडीची खूण समजावी. ज्या घराची कोणती भिंत पडकी आहे हें पहिल्याच दिवशीं कळतें, तें घर दुरुस्त करण्यास सोपें. शेवटीं संचालकांचा हट्ट वाचावा. जो क्लब तरुणांना पुढें आणा म्हणतो तो धीर धरणाऱ्याचा. जो पहिल्याच वर्षीं चढती मागतो तो उतावळ्याचा.

कांहीं अनुभवी खेळाडू याच्याही पुढें जाऊन स्वतःवर एखादें व्रत लादून घेतात. स्पेनमधील अ‍ॅथलेटिक बिल्बाओ हा १८९८ मध्यें स्थापन झालेला क्लब केवळ बास्क मुलखांतील, किंवा तेथें फुटबॉल शिकलेले, खेळाडूच घेतो. तरीही तो पहिल्या वर्गांतून कधीं घसरलेला नाहीं, आणि २०२४ मध्यें त्यानें चाळीस वर्षांनंतर स्पेनचा राजचषक जिंकला. हें व्रत पडद्यावर पाळूं म्हणणाऱ्यास सारी दुनिया बाजारांत उभी असूनही एका लहानशा प्रांतांत माणसें शोधावीं लागतात. महाराष्ट्र-गोव्यांतील मुलांनाही २०२१ च्या आवृत्तींत इंडियन सुपर लीग मिळाली, आणि मुंबई सिटी वा एफ. सी. गोवा चालविण्याची हौस भागवितां आली. मात्र त्या लीगखालीं खेळांत दुसरी पायरी नव्हती. त्यामुळें घसरण्याची भीतिही नाहीं आणि चढण्याचें सुखही नाहीं. आपुलकी होती, जिना नव्हता.

उभारणीचा विषय निघाला कीं सारे खरेदीबद्दल बोलतात; वास्तविक लहान क्लब बुडतो तो खरेदीनें नव्हे, पगारानें. हिशेब अगदीं शाळकरी आहे. समजा, एक फॉरवर्ड ३ लक्ष पौंडांस मिळतो आणि आठवड्यास ५,००० पौंड मागतो. मुलगा म्हणतो, तीन लक्ष म्हणजे स्वस्त. पण ५,००० गुणिले ५२ म्हणजे वर्षास २ लक्ष ६० हजार; करार तीन वर्षांचा केला तर ७ लक्ष ८० हजार. म्हणजे तीन लक्षांचा माणूस १० लक्ष ८० हजारांस पडला. यांत गोम अशी कीं, किंमत एकदांच डोळ्यांत भरते, पगार दर आठवड्यास गुपचूप जातो. शिवाय शेजारी बसलेला जुना कप्तान नव्या माणसाचा आंकडा पाहून स्वतःच्या नव्या कराराच्या वेळीं तेवढेंच मागतो. अंथरूण पाहून पाय पसरावे हें आजीनें शंभरदां सांगितलेलें ज्याला पटलें नव्हतें, त्याला तें येथें पहिल्याच जानेवारींत पटतें. म्हणून जाणता मॅनेजर प्रथम पगाराची यादी उतरत्या क्रमानें लावतो, आणि जे वरच्या पगारांत असून अकरांत बसत नाहींत त्यांना मार्गी लावतो. कोणी विकला जातो, कोणी वर्षभरासाठीं दुसऱ्या क्लबास उसना दिला जातो. याउलट मोठ्या क्लबांतील एकोणीस-वीस वर्षांचीं बांकावर बसलेलीं पोरें उसनीं मिळतात. तीं वर्षभर मन लावून खेळतात. पण त्यांच्यावर सारा संघ उभारूं नये, कारण उसनें घेतलेलें जूनमध्यें परत करावयाचें असतें.

दुसरा आधार अकॅडमीचा. येथें स्काऊट, म्हणजे गुणी पोरें हेरणारा माणूस, पगारावर ठेवतात व कांहीं महिन्यांसाठीं एखाद्या देशांत पाठवितात. तो दर महिन्यास यादी धाडतो. यादींतील मुलाच्या भविष्याचा निश्चित आंकडा नसतो, नुसती मर्यादा असते : हा पुढें सत्तरीपर्यंत जाईल किंवा नव्वदीपर्यंतही. काळ जातो तशी ती मर्यादा आंखडत जाते. सोळा वर्षांच्या दहा मुलांपैकीं एखादा खरा निघतो. त्याला योग्य वेळीं मैदानावर उतरविलें नाहीं, तर ताटकळून तो क्लब सोडण्याची भाषा करूं लागतो. आणि फार लौकर उतरविलें, तर धिप्पाड बचावपटूंपुढें त्याचा टिकाव लागत नाहीं. ही वेळ ओळखणें हीच या साऱ्या व्यवसायांतील अवघड गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही आंकड्यांत लिहिलेली नसते. ल्यूटनमध्यें पेली रडॉक म्पान्झू हा मधल्या फळीचा खेळाडू पांचव्या वर्गाच्या दिवसांत आला आणि क्लबाबरोबर पायरी पायरीनें चढत प्रीमियर लीगपर्यंत गेला. असा एक तरी माणूस आपल्या संघांत राखून ठेवावा, असें खेळणाऱ्यांना वाटतें तें उगीच नव्हे.

विकण्याची कला तर घेण्याहून कठीण. लेस्टर सिटीनें २०१२ मध्यें जेमी व्हार्डी हा पांचव्या वर्गांतील फ्लीटवुडकडून घेतला, २०१४ मध्यें रियाद माहरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या वर्गांतून आणला, आणि २०१५ मध्यें एन्गोलो कांटे काँच्या क्लबाकडून सुमारे ५६ लक्ष पौंडांस. २०१६ मध्यें हा क्लब इंग्लंडचा विजेता झाला. हंगामाच्या आरंभीं पैज लावणाऱ्यांनीं त्याला एकास पांच हजार असा भाव दिला होता. त्याच उन्हाळ्यांत कांटे चेल्सीला सुमारे ३ कोटी २० लक्षांस विकला गेला. वहींत नफा नोंदला गेला. पण पुढच्या वर्षीं चेल्सी विजेता झाला आणि लेस्टर बारावा. विजय मिळवून देणारे मॅनेजर क्लॉडिओ रानिएरी यांना फेब्रुवारी २०१७ मध्येंच निरोप मिळाला होता. पडद्यावर मुलांची हीच चूक होते. मोठा आंकडा पुढें आला कीं ते मधला खांब काढून देतात, आणि त्या पैशांत तीन नक्षीदार तुळया आणतात.

पालकांना एक भेद ठाऊक असणें अवश्य आहे. याच खेळांत 'अल्टिमेट टीम' नांवाचा दुसरा विभाग आहे. तेथें खरे पैसे देऊन बंद पुडकीं घेतां येतात, आणि आंत कोण निघेल तें उघडल्यावर कळतें. बेल्जियमच्या सरकारी मंडळानें २०१८ मध्यें अशा पुडक्यांस जुगार ठरविलें, आणि २०१९ च्या जानेवारींत कंपनीनें त्या देशांत त्यांसाठीं लागणाऱ्या गुणांची विक्री बंद केली. करिअर मोडमधील लक्षावधी पौंड मात्र लटके आहेत. त्यांपायीं वडिलांच्या खिशांतून पै जात नाहीं. मुलगा रात्रीं कशांत गुंतला आहे हें विचारतांना या दोहोंपैकीं कोणतें तें विचारावें.

पडदा कांहीं गोष्टी दाखवीत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पडद्यावरचा क्लब मरत नाहीं. खरा मरतो. इंग्लंडांतील बरी हा १८८५ चा क्लब कर्जापायीं २०१९ च्या ऑगस्टमध्यें लीगमधून काढून टाकला गेला, आणि त्याच वर्षीं आपल्याकडील एफ. सी. पुणे सिटीही पांच हंगामांनंतर मिटला. त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबानें घेतली. दुसरें असें कीं, पडद्यावर हरलेला सामना पुसतां येतो. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, तर यंत्र बंद करावें आणि मागल्या नोंदीपासून पुन्हां आरंभ करावा, ही युक्ति प्रत्येक मुलास आपोआप सुचते. ती एकदां वापरली कीं मग दर सामन्यास हात तिकडेच जातो. पगाराची यादी, अकॅडमी, धीर, कशालाच अर्थ उरत नाहीं. जे मुरलेले खेळाडू आहेत ते पराभवाची नोंद पडूं देतात आणि खालच्या वर्गांत घसरले तरी तोच क्लब पुढें चालवितात.

ल्यूटनलाही मागली नोंद नव्हती. प्रीमियर लीगमध्यें एकच वर्ष काढून २०२४ मध्यें तो घसरला, २०२५ मध्यें पुन्हां घसरला, आणि २०२५-२६ चा हंगाम त्यानें तिसऱ्या वर्गांत काढला. ज्याला नवा क्लब शोधावयाचा आहे त्यानें त्याच्या खेळाडूंचीं वयें आणि करार एकदां उघडून पाहण्यास हरकत नाहीं.