मीठ आणि मिठाचा डबा : शुद्धलेखनाचे सोपे खेळ

मुलांची वही उघडली की लाल खुणा दिसतात. कुठे वेलांटी चुकली, कुठे उकार. मग आपण म्हणतो, "हा शब्द दहा वेळा लिही." दहाव्या वेळी हात चालतो, पण कान झोपलेला असतो. शिवाय बोलणी खाऊन मूल अवघड शब्द टाळायला लागतं, निबंध दोन ओळींत संपवतं. चुकलेल्या वेलांटीपेक्षा हे नुकसान मोठं. म्हणून आज आम्ही काही खेळ सांगणार आहोत. ते वर्गात बाई घेऊ शकतात आणि घरी आपणही.

पहिला खेळ डब्यांचा. आपण म्हणायचं "मीठ", मुलाने म्हणायचं "मिठाचा डबा". पीठ, पिठाचा. तूप, तुपाचा. गूळ, गुळाचा. मोठ्याने म्हणून बघा. नुसतं 'मीठ' म्हणताना 'मी' लांबतो, 'मिठाचा' म्हणताना तो आखूड होतो. लांबला की दुसरी वेलांटी, आखूड झाला की पहिली. उकाराचंही तसंच. महाराष्ट्रात १९६२ पासून रूढ असलेल्या नियमांतला हा एक नियम आहे. 'शरीर', 'गीत' असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत. हा खेळ घ्यायला आईला लिहिता आलंच पाहिजे असं नाही. आपण बोलायचं, मुलाने लिहायचं.

दुसरा खेळ अंगणातला. खडूने दोन गोल काढा, एक 'पहिली'चा, एक 'दुसरी'चा. आपण शब्द पुकारायचा, मुलांनी लंगडी घालत योग्य गोलात जायचं. "फूल!" दुसरीत. "फुलांचा!" पहिलीत. "वाटी!" "लाडू!" दोन्ही दुसरीत, कारण मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी किंवा उकार बहुधा दुसराच असतो. 'आणि' हा शब्द त्याला अपवाद.

तिसरा खेळ उलट्या शाळेचा. बाजाराची यादी मुद्दाम चुकवून लिहा : तुप, गुळ, पिठ. मुलाने गुरुजी होऊन चुका शोधायच्या. दुसऱ्याची चूक पकडताना मुलांची नजर फार तेज होते. लिहायला मोठ्या ताईची किंवा गटाच्या सचिवांची मदत घ्या.

चौथा खेळ जोड्यांचा. चिठ्ठ्यांवर 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' लिहा, आणि अर्थ वेगळ्या चिठ्ठ्यांवर. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, बिचारा. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. फलकावर 'महिला दिन'चा 'महिला दीन' झाला, तर आपल्याच कार्यक्रमात आपण बिचाऱ्या ठरू!

एक गोष्ट मात्र जपा. बऱ्याच घरांत आपण 'पानी' म्हणतो, पुस्तकात 'पाणी' असतं. "तुझं बोलणं अशुद्ध" असं मुलाला कधी म्हणू नका. ती त्याच्या आजीची भाषा आहे. "बोलताना पानी, लिहिताना पाणी" एवढंच सांगा. दोन्ही त्याचीच आहेत.

रोज एकच खेळ, दहा मिनिटं. चुकलं तर हसायचं नाही, शब्द पुन्हा म्हणायचा. आज भाकरी थापतानाच सुरुवात करा. "चूल" म्हणा, आणि मुलाला पुढचं म्हणू द्या : "चुलीवर."