भिवंडी येथील दोन जुनीं रिव्हॉल्व्हरें : त्यांची सफाई व परीक्षा

पोथ्या, फर्मानें व महजर यांची परीक्षा कशी करावी हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कागद, शाई, अक्षराचें वळण व शिक्का हीं साधनें पारखूनच लेखाचा काळ ठरविण्याची आपली रीत आहे. परंतु ज्या घरांत दप्तर सांपडतें त्याच घरांत पुष्कळदां एखादें जुनें शस्त्रही सांपडतें; आणि त्याची परीक्षा होण्यापूर्वींच तें पॉलिश कागदानें घासून चकचकीत करण्यांत येतें. शिक्का पुसून महजर स्वच्छ करण्यासारखाच हा प्रकार होय.

भिवंडी येथील आमच्या एका स्नेह्यांकडे दोन रिव्हॉल्व्हरें पिढीजात आहेत. दोन्ही त्यांच्या परवान्यावर रीतसर नोंदलेलीं आहेत. दोन्ही सत्तावनच्या धामधुमींतील असून एकाच पूर्वजानें एकाच वेळीं आणलीं, अशी घरची परंपरा आहे. त्यांवर निकेलचा मुलामा चढवावा असा स्नेह्यांचा विचार होता. पण मुलाम्यापूर्वीं पृष्ठभाग घासावा लागतो, आणि तो घासला म्हणजे ज्या खुणांवरून परंपरेची शहानिशा व्हावयाची त्याच नाहींशा होतात. यास्तव आधीं परीक्षा व्हावी असा आम्हीं आग्रह धरला व तो त्यांनीं मान्य केला.

पहिला नियम असा कीं, जुनें शस्त्र भरलेलेंच आहे असें समजून हातीं घ्यावें. काडतुसाचें रिव्हॉल्व्हर उघडून पाहतां येतें. ठासणीचें तसें पाहतां येत नाहीं. त्याच्या फिरत्या चक्रांतील प्रत्येक घरांत लांकडाची बारीक काडी घालून खोली मोजावी व सर्व घरांचीं मापें ताडून पाहावीं. आमच्यासमोरील ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांत पांच घरें आहेत. पैकीं चारांचें माप सारखें आलें, पांचव्याचें बरेंच कमी भरलें. आम्हीं तेथेंच हात आंवरला. स्नेह्यांनीं तें परवानाधारक कारागिराकडे नेलें, तेव्हां त्या घरांतून शिशाची गोळी व घट्ट झालेली दारू निघाली. काळी दारू कोरडी राहिल्यास शंभर वर्षांनींही पेट घेते. जें शस्त्र घरांतील मुलें खेळावयास घेत असत, तें इतकीं वर्षें भरलेलें होतें! शस्त्रांची दुरुस्ती करण्यास इ. स. १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें परवाना लागतो. म्हणून संग्राहकानें आपलें काम सफाई व निरीक्षण एवढ्यापुरतेंच ठेवावें.

आतां सफाईविषयीं. गंज दिसला कीं तेल लावावें असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपानें मागें राहतो. त्यांत पोटॅशियमचे क्षार असतात व ते हवेंतील ओलावा ओढून घेतात. जुन्या टोप्यांतील पोटॅशियम क्लोरेटापासून उरणारा क्षारही मिठासारखाच लोखंड खातो. हे क्षार पाण्यांत विरघळतात, तेलांत विरघळत नाहींत. वर तेल दिलें तर क्षार खालीं तसाच राहून गंज वाढत जातो. भिवंडीसारख्या खाडीलगतच्या गांवीं, पावसाळ्याच्या दमट हवेंत, हें काम फार जलद होतें.

म्हणून चक्र काढून घेऊन तें व नळीचा अंतर्भाग कढत, शुद्ध पाण्यानें पुसून काढावा. मुठीच्या लांकडास पाणी लागूं देऊं नये. नंतर सर्व भाग पूर्ण वाळवून मगच हलक्या खनिज तेलाचा पातळ हात द्यावा. यंत्रमागांच्या या गांवांत असें तेल सहज मिळतें. तें वापरलेलें मात्र नसावें. लाल, सुटा गंज तेलांत भिजवून लांकडी वा हाडाच्या काडीनें हलकेच उचलावा. पोलादाची जुनी काळसर-तपकिरी छटा ही घाण नव्हे. तिला हात लावूं नये. घोडा ओढून रिकामा चाप दाबण्याचा मोह टाळावा.

घाण निघाल्यावर खुणा दिसूं लागल्या. ठासणीच्या रिव्हॉल्व्हराची चौकट व नळी एकसंध आहे. ही रॉबर्ट ॲडम्स याची रचना. त्याचें रिव्हॉल्व्हर इ. स. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत अमेरिकन कोल्टच्या रिव्हॉल्व्हराबरोबर मांडलें होतें. ॲडम्सच्या मूळ रचनेंत घोड्यास अंगठ्यानें ओढण्याचें टोंक नव्हतें. तें ब्यूमाँटनें इ. स. १८५६ च्या सुधारणेनें आणलें. प्रस्तुत शस्त्रास तें टोंक आहे, व नळीवर लंडनच्या परीक्षाशाळेच्या मुकुटयुक्त खुणा आहेत. अर्थात् तें १८५६ च्या पूर्वींचें नव्हे. सत्तावनसालीं तें या देशांत असणें शक्य आहे. सिद्ध मात्र होत नाहीं. सरकारी मालकीचा बाण त्यावर नाहीं. परंतु इंग्रज अधिकारी अशीं शस्त्रें स्वतःच्या पैशानें विकत घेत, म्हणून त्या अभावावरून कांहींच ठरत नाहीं.

दुसरें रिव्हॉल्व्हर वेब्ली घराण्याचें, ३२ बोअरचें, सहा काडतुसांचें व मोडून उघडणारें आहे. त्यावर वेब्ली आणि स्कॉट अशीं जोडनांवें आहेत. ही जोडकंपनी इ. स. १८९७ सालची. शिवाय बर्मिंगहॅमची परीक्षाशाळा पूर्वीं मुकुटाखालीं दोन तिरपे राजदंड अशी खूण उठवीत असे; इ. स. १९०४ पासून मुकुटाखालीं बी. पी., बी. व्ही. व धूरविरहित दारूसाठीं एन. पी. अशीं अक्षरें आलीं. हीं तिन्ही अक्षरें येथें स्पष्ट आहेत. सबब हें शस्त्र सत्तावनचें असूं शकत नाहीं, आणि दोन्ही एकाच वेळीं आलीं ही परंपराही टिकत नाहीं.

झीजही बोलते. वेब्लीच्या नळीच्या टोंकाची व चक्राच्या कडांची निळी झांक उडाली आहे, पण आंतील मळसूत्री खाचा तीक्ष्ण आहेत; म्हणजे तें चामड्याच्या म्यानांत पुष्कळ वागविलें गेलें, झाडलें थोडें. उलट ॲडम्सच्या टोप्या बसविण्याच्या जागा क्षारांनीं खोल खाल्ल्या आहेत. तें पुष्कळ झाडलें गेलें व वेळीं धुतलें गेलें नाहीं. जुन्या म्यानांत शस्त्र ठेवूं नये, कारण चामडें ओल धरून राहतें. स्वच्छ सुती फडक्यांत गुंडाळावें व जवळ ओल शोषणारी पुडी ठेवावी.

शंभर वर्षांवरील अशी वस्तु इ. स. १९७२ च्या पुरावस्तु-कायद्याच्या व्याख्येंत येते, व खासगी व्यक्तीस ती निर्यात करतां येत नाहीं. जुन्या धाटणीच्या, न वापरावयाच्या शस्त्रांस शस्त्र-कायद्यांत कांहीं सवलत आहे. पण आपलें शस्त्र तींत बसतें असें संग्राहकानें स्वतःच ठरवूं नये.

मुलाम्याचा बेत स्नेह्यांनीं सोडला आहे. परंपरेचा अर्धा भाग गेला याचें त्यांस वाईट वाटलें. परंतु उरलेल्या अर्ध्यास आतां पुराव्याचा आधार आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं अशीं शस्त्रें असतील त्यांनीं घांसण्यापूर्वीं प्रत्येक खुणेचा ठसा व छायाचित्र घ्यावें, आणि घरची हकीकत, जशी सांगितली जाते तशी, शेजारीं निराळी लिहून ठेवावी.