नळीवरचे चिन्ह वाचूनच पैसे मोजा



परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव, खासापुरी, चांदणी असे प्रकल्प असले तरी पाऊस कमी झालेल्या वर्षी खरा आधार विहिरीचा आणि विंधन विहिरीचा असतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात याचा अनुभव आपण घेतलेलाच आहे. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि काठावरील शेतांचे मोठे नुकसान झाले. दुष्काळ असो वा पूर, त्यानंतर अनेकांना ठिबक संच, पाईप किंवा मोटार नव्याने घ्यावी लागते. अशा वेळी पैसा कमी आणि घाई जास्त असते. फसगत होते ती नेमकी इथेच.

दुकानात लॅटरलची दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवलेली असतात. दोन्ही काळी, दोन्ही १६ मि.मी.ची, पण एकीचा भाव कमी. कोणती नळी उन्हात टिकेल आणि कोणती दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकेल, हे हातात धरून सांगता येत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. प्रत्येक शेतकऱ्याला प्रयोगशाळा परवडणार नाही, म्हणून ते काम देशाने एका संस्थेकडे सोपविले आहे. त्या संस्थेचे काम कसे चालते आणि त्याचा उपयोग आपण कसा करून घ्यावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

मानक म्हणजे काय?

एखादी वस्तू किती मापाची, किती मजबूत आणि कोणत्या कसोटीला उतरणारी असावी, याचा सर्वांनी मिळून ठरविलेला लेखी नियम म्हणजे मानक. मानक नसेल तर काय होते याचे एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात फेब्रुवारी १९०४ मध्ये मोठी आग लागली. मदतीला इतर शहरांतून बंब धावून आले, परंतु त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. पाणी होते, माणसे होती, पण जोड जुळत नव्हता. आग विझेपर्यंत दीड हजारांवर इमारती जळून गेल्या. तुषार संचाचा पाईप एका कारखान्याचा आणि जोड दुसऱ्याचा घेतल्यावर तो बसला नाही, तर आपलीही अडचण त्याच जातीची असते.

भारतीय मानक ब्युरो

आपल्या देशात हे काम जानेवारी १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन होऊन सुरू झाले. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजेच आयएसआय. पुढे १ एप्रिल १९८७ पासून तिची जागा भारतीय मानक ब्युरोने घेतली. चिन्ह मात्र लोकांच्या ओळखीचे झाल्यामुळे आयएसआय हेच राहिले. सध्या ब्युरोचे काम २०१६ च्या कायद्यानुसार चालते.

मानक ठरविण्यासाठी ब्युरो समित्या नेमतो. त्यांत कारखानदार, वापर करणारे, शासकीय खाती व संशोधन संस्था यांचे प्रतिनिधी असतात. मसुदा तयार झाला की तो लोकांच्या मतासाठी खुला केला जातो. ठरलेल्या मानकाचा पाच वर्षांनी फेरविचार होतो.

नळीच्या मानकात काय असते?

ठिबकच्या साध्या लॅटरलसाठी आयएस १२७८६ हे मानक आहे. त्यात नळीचा व्यास, भिंतीची जाडी, पाण्याचा दाब सहन करण्याची क्षमता, ताण आणि तडे जाण्यास होणारा विरोध यांच्या कसोट्या दिलेल्या आहेत. त्याचबरोबर नळीत काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, २ ते ३ टक्के असावी असे बंधन आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे प्लॅस्टिक ठिसूळ होते. ही काजळी ते किरण शोषून घेते आणि नळीचे आयुष्य वाढविते. परंतु केवळ काळा रंग पाहून फसू नये. भंगार प्लॅस्टिक वितळवून केलेली नळीही काळीच दिसते.

चिन्ह वापरण्याचा परवाना घेणाऱ्या कारखान्याला मालाची नियमित तपासणी करून तिच्या नोंदी ठेवाव्या लागतात. ब्युरोचे अधिकारी कारखान्यातून व बाजारातूनही नमुने घेतात. माल कसोटीला उतरला नाही तर परवान्यावर कारवाई होऊ शकते.

मापाचेही माप

नळीचा दाब मोजणारे यंत्रच चुकीचे असेल तर तपासणीला अर्थ राहत नाही. म्हणून मापांचीही एक उतरंड असते. देशाची मूळ मापे नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळली जातात. वजनांच्या बाबतीत या मूळ मापाशी प्रादेशिक प्रयोगशाळांची मापे ताडली जातात, त्यांच्याशी राज्याची, राज्याच्या मापाशी वैधमापन निरीक्षकाची आणि निरीक्षकाच्या वजनाशी व्यापाऱ्याचा काटा. आपली तूर किंवा ज्वारी ज्या काट्यावर चढते, त्याचा संबंध असा थेट दिल्लीपर्यंत पोहोचतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी होणे बंधनकारक आहे. माल घालण्यापूर्वी पडताळणीचे प्रमाणपत्र पाहण्यास मागावे. त्यात संकोच बाळगू नये.

खरेदी करताना घ्यावयाची काळजी

१) नळीवर ठराविक अंतराने छापलेला मजकूर वाचावा. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ही अक्षरे इंग्रजीत असतात.

२) वस्तूप्रमाणे मानक बदलते. साध्या लॅटरलसाठी आयएस १२७८६, आतच ड्रीपर असलेल्या इनलाईन नळीसाठी आयएस १३४८८, सुट्या ड्रीपरसाठी आयएस १३४८७, पाणीपुरवठ्याच्या पीव्हीसी पाईपसाठी आयएस ४९८५ आणि पाणबुडी पंपासाठी आयएस ८०३४ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

३) परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर टाकून पाहावा. परवाना कोणत्या कारखान्याचा, कोणत्या वस्तूचा आणि चालू आहे की नाही, हे तेथे कळते.

४) ‘आयएस प्रमाणे’ असे नुसते छापलेले असेल, परंतु चिन्ह व परवाना क्रमांक नसेल, तर तो माल प्रमाणित समजू नये.

५) ‘आयएसओ ९००१’ हे प्रमाणपत्र कारखान्याच्या कारभाराच्या पद्धतीचे असते. ते नळीच्या दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे.

६) पक्के बिल घ्यावे आणि त्यावर वस्तूचे नाव, माप व कारखान्याचे नाव लिहून घ्यावे.

सूक्ष्म सिंचनाच्या अनुदानासाठीही मानक चिन्ह असलेले साहित्य लागते. एकदा लाभ घेतलेल्या क्षेत्राला पुन्हा अनुदान मिळण्यास सात वर्षे थांबावे लागते. म्हणून दोन वर्षांत फुटणारी नळी घेणे म्हणजे उरलेली पाच वर्षे पदरमोड करणे होय.

शेतात करावयाची तपासणी

संच बसविल्यावर पैसे पूर्ण चुकते करण्यापूर्वी ही सोपी तपासणी करावी. ताशी ४ लिटरचा ड्रीपर ठरलेल्या दाबाला ३ मिनिटांत २०० मि.ली. पाणी देतो. मापाचे भांडे आणि घड्याळ घेऊन नळीच्या सुरुवातीच्या, मधल्या व शेवटच्या ड्रीपरचे पाणी मोजावे. समजा, शेवटी १४० मि.ली. पाणी मिळाले, तर तेथे ३० टक्के तूट आहे. संच दोन तास चालविल्यास पहिल्या झाडाला ८ लिटर आणि शेवटच्या झाडाला ५.६ लिटर पाणी मिळेल. अशी तूट आढळल्यास प्रथम दाब, फिल्टर आणि नळीची लांबी तपासावी. दोष तेथे नसेल तर मालाबद्दल विक्रेत्याला विचारावे.

चिन्हाची मर्यादा

चिन्ह हे त्या वस्तूपुरते असते. त्यामुळे संचाची आखणी चुकली, फिल्टर धुतला नाही, क्षारयुक्त पाण्यामुळे ड्रीपर चोंदले किंवा कमी दाबाच्या वर्गाचा पाईप जास्त दाबाला वापरला, तर उत्तम नळीही निकामी ठरते. तसेच बियाणे व खते यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर बीज प्रमाणीकरणाचा निळा टॅग असतो. तेथे आयएसआय चिन्ह शोधू नये.

तक्रार कशी करावी?

माल सदोष निघाल्यास छापील मजकूर असलेला नळीचा तुकडा, बिल आणि छायाचित्रे जपून ठेवावीत. विक्रेता व कारखानदार यांना लेखी कळवावे. ब्युरोकडे त्याच ॲपवरून तक्रार नोंदवावी. अनुदानाचा संच असल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांनाही कळवावे. दाद न मिळाल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे.

खोट्या चिन्हाचा माल बाजारात टिकतो, कारण ते चिन्ह कोणी वाचत नाही. पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर भाव विचारण्याआधी नळी उलटून तिच्यावरील क्रमांक वाचावा. गावातील दहा जणांनी असे केले तरी अकराव्याला भंगार नळी विकण्यापूर्वी दुकानदार विचार करील.